प्लास्टर काढल्यावर गुडघा सरळ होत नव्हता : माझा अनुभव

लक्षण : पाय लांब करून झोपलं की गुडघ्याखाली तीन बोटं सहज जायची. चालताना लंगडणं, टाच टेकायच्या आत पाऊल पडणं.

फसलेले उपाय : रोज तेलमालीश, हातानं गुडघा दाबणं (सूज वाढली), आणि सगळ्यात घातक म्हणजे आरामासाठी गुडघ्याखाली उशी. तिनं गुडघा वाकलेलाच राहतो आणि मागचे स्नायू आखडतात. दीड महिना फुकट गेला.

जमलं ते असं. आधी डॉक्टरांकडून हाड जुळल्याची खात्री. मग गुडघ्यावर कोमट ओला टॉवेल, 10 मिनिटं. खानापूरच्या पावसाळी गारठ्यात हे टाळू नये. नंतर जुन्या शहापुरी लुगड्याची वीतभराहून थोडी कमी जाड, घट्ट गुंडाळी फक्त टाचेखाली; पोटरी आणि गुडघा अधांतरी. बोटं छताकडे. पाय बाहेर कलंडला तर ताण लागतच नाही, म्हणून बाजूला दुमडलेली चादर लावायची. सुरुवातीला 5 मिनिटं, आठवड्यानं 10, दिवसातून तीनदा.

गुंडाळी काढली की लगेच मांडी आवळून गुडघा गादीत दाबायचा, 5 सेकंद, 10 वेळा. ही पायरी गाळली तर मिळालेली सरळता टिकत नाही.

ताण जाणवावा, दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर वेळ निम्मा. पोटरी सुजून दुखू लागली तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी दवाखाना. दम लागला तर थेट तातडीच्या विभागात.