बेल्ट किंचाळतोय? आधी पुली बघा

जुन्या गाडीच्या इंजिनचा बेल्ट ओरडायला लागला की लगेच नवा घालायची घाई करू नका. इंजिन बंद करून किल्ली काढा, बेल्ट उतरवा आणि वॉटर पंप व डायनॅमोच्या पुल्या (ज्यांवर बेल्ट फिरतो ती खाचेची चाकं) हाताने फिरवून बघा. खरखर लागली किंवा पुली डुगडुगली, तर बहुधा बेअरिंग गेलंय. मग पुलीच्या खाचेत टॉर्च मारा. व्ही-बेल्ट (खाली निमुळता होत जाणारा बेल्ट) खाचेच्या दोन्ही भिंतींना धरून चालतो, तळाला टेकत नाही. तळ घासून चकाकत असेल तर पुली किंवा बेल्ट झिजलाय.

क्रँक पुलीला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या पुलीला, मात्र वेळ द्या. बऱ्याच गाड्यांत तिचा मधला भाग आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर असतं, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने, तेलाने ते सुटतं. दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि गाडी दोन-चार दिवस चालवा. रेघ तुटून मागेपुढे झाली, तर रिंग सरकलीच. टायमिंगची, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेची, खूण त्या रिंगवर असेल तर ती खूण बघायचा टायमिंग लाइटही चुकीचंच दाखवणार, आणि आपण उगाच ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर फिरवत बसतो! अशी पुली बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. निखळलेली रिंग रेडिएटर फोडू शकते.