छोट्या स्पिनिंग रीलसाठी लाईन: निवड आणि भरणी

मासेमारीच्या १००० ते २५०० आकाराच्या स्पिनिंग रीलचा स्पूल (ज्यावर लाईन गुंडाळली जाते तो भाग) लहान असतो आणि लाईनच्या बहुतेक कटकटी तिथूनच सुरू होतात. स्पूलचा घेर लहान म्हणून वेढेही लहान पडतात. जाड आणि ताठ लाईन असे वेढे निमूटपणे घेत नाही. बेल (लाईन स्पूलवर वळवणारी तारेची कडी) उघडली की स्प्रिंगसारखी उसळून बाहेर पडते. म्हणून पाकिटावर आधी जाडी वाचा, ताकद नंतर. ‘मोठा मासा लागला तर?’ या भीतीने जाड लाईन भरली, तर हलकं आमिष लांब जात नाही आणि गुंते सोडवण्यातच वेळ जातो. मोठ्या माशासाठी नीट लावलेला ड्रॅग असतो, म्हणजे ठरावीक ताणानंतर लाईन सोडणारा रीलचा ब्रेक.

मोनो, म्हणजे नायलॉनचा तंगूस, भरायचा असेल तर १००० च्या रीलवर ०.२० मि.मी.पर्यंत (साधारण ४ पौंड ताकद), २००० वर ०.२३ (६ पौंड) आणि २५०० वर ०.२५ ते ०.२६ (८ पौंड) एवढं पुरे. पौंडाचा आकडा ०.४५ ने गुणला की किलो मिळतात. ८ पौंड म्हणजे सुमारे ३.६ किलो. मोनो ताणतो, त्यामुळे अचानक बसलेला हिसका तो पचवतो. गाठीही सहज बसतात. पहिल्यांदा रील भरणाऱ्यासाठी हाच बरा. मात्र महिनोन्‌महिने स्पूलवर पडून राहिला की त्याला वेढ्यांची सवय लागते आणि उन्हाने तो कमकुवत होतो.

ब्रेड, म्हणजे अनेक धाग्यांची विणलेली लाईन, खूपच बारीक आणि मऊ असते, जवळजवळ ताणत नाही. माशाने नुसतं चाचपलं तरी हाताला कळतं. लहान स्पूलला ती सगळ्यात चांगली मानवते: १००० वर पीई (ब्रेडच्या जाडीचा क्रमांक) ०.४ ते ०.६ आणि २०००-२५०० वर ०.८ ते १. पीई १ ची जाडी सुमारे ०.१६५ मि.मी. धरतात. ब्रेड दगडावर घासली की लवकर तुटते आणि पाण्यात दिसते, म्हणून पुढे मोनो किंवा फ्लुरोकार्बनचा (मोनोसारखीच एकेरी प्लॅस्टिकची लाईन) ६० सें.मी. ते १ मीटर लीडर, म्हणजे पुढचा तुकडा, डबल युनी या दोन लाईन जोडायच्या गाठीने जोडायचा. गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने लीडर तिथेच अशक्त होतो. फ्लुरोकार्बन बुडतं आणि पाण्यात कमी दिसतं हे खरं, पण ते ताठ असतं. छोट्या रीलवर ते लीडरपुरतंच ठेवावं, आख्खा स्पूल त्याने भरू नये.

आता लांबी. स्पूलवर ‘०.२० / १५०’ असं छापलेलं असतं, म्हणजे ०.२० मि.मी. जाडीची १५० मीटर लाईन मावते. जाडीचा वर्ग करून लांबीने गुणा: ०.०४ × १५० = ६. हा ६ म्हणजे त्या स्पूलची जागा. ०.२५ ची लाईन घेतली तर ६ ÷ ०.०६२५, म्हणजे ९६ मीटरच बसेल. ०.१५ ची १०० मीटर ब्रेड भरायची असेल, तर ती ०.०२२५ × १०० = २.२५ एवढी जागा घेते. उरले ३.७५. तेवढ्यात खाली ०.२५ चा मोनो ६० मीटर बसतो. ब्रेडच्या पाकिटावरची जाडी मात्र फार विश्वासाने घेऊ नका, कारण ब्रेड दाबली की चपटी होते. पाच-दहा मीटरचा फरक गृहीत धरा.

हा खालचा मोनो केवळ जागा भरायला नसतो. गुळगुळीत स्पूलवर थेट ब्रेड बांधली, तर ताण आल्यावर सगळा गठ्ठाच स्पूलवर फिरतो. ड्रॅग पूर्ण आवळला तरी लाईन सुटत राहते आणि दोष बिचाऱ्या ड्रॅगवर येतो. खाली पाच-सहा मीटर मोनो गुंडाळला तरी हे थांबतं. काही स्पूलच्या तळाला रबरी पट्टी असते. तिथे ब्रेड थेट चालते.

भरताना रॉडचा फक्त खालचा भाग घ्या, रील बसवा आणि लाईन पहिल्या मोठ्या गाईडमधून (रॉडवरच्या कडीतून) आत आणा. आता बेल उघडा, आणि मगच गाठ बांधा. बेल बंद असताना बांधलेली लाईन हँडल फिरवलं तरी गुंडाळली जात नाही, गाठ पुन्हा बांधावी लागते. ही चूक जवळजवळ प्रत्येकाची होते. गाठ सोपी आहे: लाईन स्पूलभोवती फिरवून मोकळ्या टोकाने मुख्य लाईनभोवती एक साधी गाठ मारा, टोकालाही एक साधी गाठ मारा, ओली करून ओढा. पहिली गाठ स्पूलपर्यंत सरकते आणि टोकाची गाठ तिला अडवते. २ मि.मी. सोडून उरलेलं टोक कापा, बेल बंद करा.

मोनोचं नवं बंडल जमिनीवर आडवं ठेवा, लेबल वर. रॉड त्याच्यापासून दीड-दोन मीटरवर धरा. रील आणि गाईड यांच्यामध्ये लाईन ओल्या फडक्यात चिमटीने धरून सावकाश गुंडाळा. हँडलचे पंधरा-वीस फेरे झाले की थांबा आणि लाईन सैल सोडा. ती स्वतःभोवती वळून पिळे पडू लागली, तर बंडल उलटं ठेवा. रीलचा पीळ आणि बंडलातून सुटणारा पीळ एकाच दिशेचे झाले की गुंता अटळ असतो. ब्रेडचं बंडल पेन्सिलीवर ओवून कुणाला तरी धरायला द्या, म्हणजे ते चाकासारखं फिरेल. इथे ताण मोनोपेक्षा जास्त हवा. सैल भरलेल्या ब्रेडमध्ये वरचे वेढे खालच्यांत रुततात आणि पुढच्या फेकीला लाईन मध्येच अडते.

स्पूलच्या काठाच्या आत सुमारे २ मि.मी. जागा उरली की थांबा; मोनो ताठ असेल तर ३. त्याहून जास्त भरलं तर वेढे झुंडीने सुटतात. कमी भरलं तर लाईन काठावर घासते आणि फेक आखूड होते. शंका आली तर थोडी कमीच बरी. लाईन पुढच्या काठाकडे ढिगाने साचत असेल तर स्पूलखाली एक वॉशर वाढवा, मागे साचत असेल तर एक काढा.

ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. ८ पौंडांना ०.९ ते १.२ किलो. वजनाचा काटा लावून ओढून पाहा. मासा लाईन ओढत असताना हँडल फिरवू नका. ५.२:१ च्या रीलमध्ये अशा प्रत्येक फेऱ्याने लाईनला पाच पीळ बसतात. फेकीनंतर बेल हाताने बंद करून लाईन हलकेच ताणली, तर सैल वेढाही आत जात नाही.

पीळ बसलाच, तर आमिष आणि गळ काढून मोकळी लाईन वाहत्या पाण्यात सोडा आणि चिमटीत धरून परत गुंडाळा. ब्रेड पुढच्या टोकाला विरू लागली की तेवढा भाग कापा. फार आखूड झाली तर पूर्ण उलटवून भरा, आतला भाग अजून कोरा असतो.