वेपच्या पडद्यावर ‘चेक बॅटरी’ किंवा ‘वीक बॅटरी’ दिसते तेव्हा काय तपासावे

लेस्टरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने सिगारेट सोडताना वेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, आधार घेतला. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, तेव्हा तो नवे उपकरण मागवायच्या बेतात होता. रात्रभर चार्ज करूनही दुसऱ्याच झुरक्याला पडद्यावर ‘वीक बॅटरी’ उमटत होते आणि उपकरण बंद पडत होते. मी त्याला म्हटले, "थांब, आधी सेल घेऊन ये." त्याने आणलेला सेल चार्जरवर ठेवला, तर विद्युतदाब ४.१६ व्होल्ट भरला, म्हणजे सेल जवळपास पूर्ण भरलेला होता. मात्र त्याच चार्जरने त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, ८० मिलिओहमच्या आसपास दाखवला. शेजारच्या कप्प्यात ठेवलेल्या नव्या सेलचा रोध होता २५. उपकरण पूर्णपणे ठणठणीत होते. म्हातारा झाला होता तो सेल.

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या वेपच्या विक्रीवर बंदी आली. त्यामुळे पूर्वी बॅटरीकडे कधी पाहावेही न लागलेले बरेच लोक आता चार्ज करायच्या किंवा सेल बदलायच्या उपकरणांकडे वळले आहेत. तिथल्या आपल्या मराठी घरांतूनही असे प्रश्न माझ्याकडे येऊ लागले, म्हणून तपासणीचा क्रम इथे सविस्तर लिहीत आहे. हा मजकूर मुख्यतः १८६५० प्रकारचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब नळीसारखा), बाहेर काढता येणारा सेल वापरणाऱ्या उपकरणांविषयी आहे. आतच बॅटरी बसवलेल्या छोट्या वेपविषयी, म्हणजे पॉडविषयी, पुढे वेगळे लिहिले आहे.

सर्वप्रथम पडद्यावरचा संदेश शब्दशः वाचावा, कारण ‘चेक बॅटरी’, ‘वीक बॅटरी’ आणि ‘चेक ॲटोमायझर’ या तीन संदेशांची कारणे वेगवेगळी असतात. ‘चेक ॲटोमायझर’ किंवा ‘नो ॲटोमायझर’ असे दिसत असेल तर दोष बहुधा कॉइलमध्ये (द्रव तापवणाऱ्या तारेत), टँकच्या (द्रवाच्या टाकीच्या) बैठकीत किंवा त्यांच्या जोडणीत असतो, आणि सेल कितीही बदलले तरी तो जात नाही. टँक काढून जोडणीचा भाग पुसावा, कॉइल घट्ट बसली आहे का ते पाहावे आणि नवी कॉइल लावून बघावे. बहुतेकांचे काम तेवढ्यावरच भागते. ‘चेक बॅटरी’ हा संदेश सहसा संपर्क नीट होत नसेल किंवा सेलचा दाब उपकरणाला मान्य असलेल्या मर्यादेबाहेर असेल तेव्हा येतो. ‘वीक बॅटरी’चा अर्थ मात्र जरा खोल आहे आणि लोकांची सर्वाधिक फसगत तिथेच होते.

‘वीक’ म्हणजे रिकामी, असे आपण धरून चालतो. वस्तुतः उपकरण सांगत असते ते एवढेच की झुरका घेताना, म्हणजे सेलवर भार पडलेला असताना, त्याचा दाब ठरावीक पातळीखाली घसरला. विश्रांतीत असलेला सेल आणि राबणारा सेल यांत फरक आहे. समजा उपकरण ४० वॅटवर लावले आहे. मधला अपव्यय धरला तर एका सेलमधून साधारण १२ अँपिअर प्रवाह खेचला जातो. सेलचा अंतर्गत रोध २५ मिलिओहम असेल तर दाब सुमारे ०.३ व्होल्टने खाली येतो. रोध ८० असेल तर तोच जवळजवळ १ व्होल्टने कोसळतो. म्हणजे ४.१ व्होल्टवर भरलेला चांगला सेल भाराखाली ३.८ देतो आणि थकलेला सेल ३.१ देतो. त्यात ठरवलेले वॅट कायम राखणारे उपकरण दाब कमी पडला की जास्त प्रवाह ओढते, त्यामुळे थकलेल्या सेलची घसरण आणखीच वाढते. भाच्याच्या सेलचे नेमके हेच झाले होते.

म्हणून ‘वीक बॅटरी’ दिसताच पहिला प्रयोग बिनखर्चाचा करावा: वॅट निम्म्यावर आणून पुन्हा झुरका घ्यावा. संदेश नाहीसा झाला तर सेल दुबळा आहे, किंवा त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त काम त्याच्याकडून मागितले जात आहे. संदेश तसाच राहिला तर संपर्क तपासावेत. एक इशारा इथेच देतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सेल, कॉइल आणि वॅट हे तिन्ही एकदम बदलले तर दोष जातो, पण तो कशाने गेला हे कळत नाही आणि आठवड्याने तो परत येतो.

थंडीचाही यात वाटा आहे. जानेवारीत रात्रभर गाडीत राहिलेले उपकरण सकाळी ‘वीक बॅटरी’ म्हणते, कारण थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो. ते घरात आणून अर्धा-पाऊण तास तसेच ठेवावे. हीटरवर किंवा चुलीजवळ मुळीच ठेवू नये. गोठणबिंदूखाली गारठलेला सेल थेट चार्जरला लावणे तर अधिकच घातक आहे, कारण त्या अवस्थेत आत लिथियम धातूचा थर साचू लागतो आणि सेलचे कायमचे नुकसान होते.

आता सेल हातात घेऊन पाहायचा. खिडकीच्या उजेडात तो सावकाश फिरवावा आणि विशेषतः धन टोकाची कड निरखावी. या सेलचा संपूर्ण धातूचा डबा, तळापासून वरच्या कडेपर्यंत, ऋण ध्रुव असतो. धन टोक म्हणजे मधली छोटी टिकली तेवढीच, आणि त्या दोहोंमध्ये असते एक कागदी किंवा प्लॅस्टिकची पातळ चकती आणि बाहेरचे प्लॅस्टिकचे आवरण. कडेला आवरण केसाएवढे जरी फाटले असले तरी उपकरणाच्या आतल्या धातूशी डब्याचा स्पर्श होऊन सेल शॉर्ट होऊ शकतो. लोक अशी चीर चिकटपट्टीने झाकतात. तसे करू नये. आवरण फाटले असून सेल अन्यथा चांगला असेल तर योग्य मापाचे, उष्णतेने आकसणारे नवे आवरण आणि नवी चकती मिळते. वेपच्या दुकानांत ते बसवूनही देतात. डब्यावर पोचा पडला असेल, गंज दिसत असेल किंवा टोकाशी ओल असेल, तर मात्र सेल वापरातून काढून टाकावा.

आवरण धड असेल तर उपकरणातली सेल बसवायची जागा पाहावी. टँकमधून पाझरलेला द्रव साचून संपर्कांवर चिकट तपकिरी थर चढतो आणि ‘चेक बॅटरी’चे हे फार नेहमीचे कारण आहे. सेल बाहेर काढून, कापसाच्या काडीला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही संपर्क काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसावेत. पंधरा-वीस मिनिटे पूर्ण सुकू द्यावे आणि मगच सेल बसवावा. स्प्रिंग दबून बसली असेल किंवा झाकणाची कडी सैल झाली असेल, तर झाकण बोटाने दाबून धरल्यावर संदेश जातो आणि सोडल्यावर परततो; ही खूण सापडली की दोष सेलचा नाही हे नक्की. स्प्रिंग ओढून लांब करण्यापेक्षा दुकानात दाखवणे बरे, कारण वाकडी झालेली स्प्रिंग सेलचे आवरण सोलते.

मल्टिमीटर घरात असेल तर तो २० व्होल्टच्या पल्ल्यावर ठेवून सेलचा दाब मोजावा. पूर्ण भरलेला सेल ४.२० व्होल्टच्या आसपास असतो. चार्जरवरून काढल्यावर तो तासाभरात ठळकपणे खाली येत असेल तर सेल आतून खराब झाला आहे. दाब २.५ व्होल्टपेक्षा बराच खाली गेलेला असेल तर त्याला ‘जागे’ करण्याचे जे उपाय सांगितले जातात, ते करू नयेत. इतक्या खोल उतरलेल्या सेलमध्ये ऋणाग्राचे तांबे विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना तेच आत साचून शॉर्ट होण्याची शक्यता निर्माण करते. चार्जरने असा सेल नाकारला तर चार्जर आपले काम चोख करत आहे.

दोन सेलच्या उपकरणात ‘इम्बॅलन्स्ड बॅटरीज’ असा संदेश आला तर दोन्ही सेल वेगवेगळे मोजावेत. एक ४.१ आणि दुसरा ३.७ भरला, तर एकतर ते वेगवेगळ्या वयाचे आहेत किंवा उपकरणातले चार्जिंग दोघांना सारखे भरत नाही. दोन्ही बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून पुन्हा लावावेत. फरक काही झुरक्यांतच परत पडला तर जोडी निकामी समजावी. सेल एकाच दिवशी, एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे विकत घ्यावेत, त्यांवर पेनने खूण करावी आणि ते कायम जोडीनेच वापरावेत, जोडीनेच चार्ज करावेत. जुन्यासोबत एकच नवा घालणे म्हणजे थकलेल्या बैलाशेजारी तरणा बैल जुंपण्यासारखे आहे, भार दोघांवर सारखा पडतच नाही.

नवा सेल घेताना क्षमतेपेक्षा सतत देता येणाऱ्या प्रवाहाचा आकडा महत्त्वाचा असतो. सॅमसंगचा २५आर हा २५०० मिलिअँपिअर-तासांचा, २० अँपिअरचा सेल आहे. मोलिसेलचा पी२८ए २८०० मिलिअँपिअर-तासांचा, २५ अँपिअरचा. १८६५० आकाराच्या सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला दिसला तर तो सेल खोटा आहे, कारण तेवढा साठा या आकारात मावतच नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेलही इथे घालू नयेत. ते संथ प्रवाहासाठी बनवलेले असतात.

आतच बॅटरी असलेल्या बऱ्याच पॉडना पडदा नसतो आणि ते दिव्याच्या उघडझापीतून बोलतात. किती वेळा लुकलुकले म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असल्याने सोबतची पुस्तिका पाहावी. चार्ज होत नसेल तर बंद उपकरणाच्या चार्जिंगच्या छिद्रात खिशातला कापसाचा धागा अडकला आहे का, ते पाहावे. तो लाकडी काडीने हलकेच निघतो. एक बारीक बाब अनेकांना ठाऊक नसते: काही स्वस्त पॉडांमध्ये टाइप-सीचे छिद्र असूनही चार्जरला ओळख पटवणारे छोटे रोधक आत बसवलेले नसतात, त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरने ते मुळीच चार्ज होत नाहीत. जुन्या चौकोनी टोकाची वायर लावताच ते चालू होतात. पॉड उघडून आतली बॅटरी स्वतः बदलण्याच्या फंदात पडू नये.

काही खुणा दिसल्या की तपासणी तिथेच थांबवावी. सेल वा उपकरण वापरात नसताना तापत असेल, फुगलेले असेल, फुसफुस आवाज येत असेल किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत असेल, तर ते खिशात घालू नये आणि पुन्हा चार्जही करू नये. हात लावण्याजोगे असेल तर बाहेर, मोकळ्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावे. धूर किंवा ज्वाळा दिसल्यास उचलायला न जाता सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि ब्रिटनमध्ये ९९९ला फोन करावा. सुटे सेल नेहमी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत, कारण खिशातल्या किल्ल्या आणि नाणी त्यांना शॉर्ट करायला पुरेशी असतात.

विमानात हे उपकरण आणि सुटे सेल सामानात न देता हातातल्या पिशवीत न्यावे लागतात. पण सुट्टीला मुंबईला किंवा पुण्याला येणाऱ्यांनी ते घरीच ठेवून यावे. भारतात १८ सप्टेंबर २०१९च्या अध्यादेशाने आणि त्यानंतरच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवण यांवर बंदी आहे आणि आयातीच्या पहिल्या गुन्ह्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

निकामी सेल घरच्या कचऱ्यात कधीही टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला गेला की पेट घेतो. ब्रिटनमध्ये वेप विकणाऱ्या दुकानांनी जुनी उपकरणे परत घेणे बंधनकारक आहे आणि बऱ्याच मोठ्या सुपरमार्केटांत बॅटरीसाठी वेगळी पेटी असते. टाकण्यापूर्वी सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी. भाच्याचा तो ८० मिलिओहमचा सेल आम्ही तसाच, दोन्ही टोके झाकून, त्याच्या घराजवळच्या दुकानातल्या पेटीत टाकला.