दर पंधरा मिनिटांनी एक ४६२५

सायबर सुरक्षेतली इंटर्नशिप मिळाल्याचा मेल आला त्याच रात्री मी लॅपटॉपवर काली लिनक्स टाकलं, म्हणजे हॅकिंगची हत्यारं आधीच भरलेली ऑपरेटिंग सिस्टीम. काळ्या पडद्यावर अक्षरं पळायला लागली आणि वाटलं, झाली तयारी! पुढचे सहा आठवडे मी नुसती हत्यारं गोळा केली. पासवर्ड फोडणारं एक, वाय-फायवर कान लावून बसणारं एक, आणि अशी आणखी कितीतरी. इंटर्नशिपच्या तीन महिन्यांत कामासाठी त्यांतल्या एकालाही हात लागला नाही. दिवसभर काम होतं ते लॉग, म्हणजे मशीनने स्वतःच लिहून ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी, वाचायचं आणि वाचून जे कळलं ते दुसऱ्याला समजेल असं लिहायचं. त्याची तयारी मात्र शून्य होती.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. एका विंडोज सर्व्हरच्या लॉगमध्ये ४६२५ च्या नोंदींची रांगच्या रांग दिसली. लॉगिन जमलं की ४६२४ पडतो, फसलं की ४६२५. एकच खातं, रात्रभर फसतंय. मी मनातल्या मनात 'ब्रूट फोर्स' (एकामागून एक पासवर्ड लावून बघणारा हल्ला) म्हणून ओरडलेसुद्धा, आणि तशीच मेंटॉरकडे धावले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती वेळाने पडतोय? आणि लॉगऑन टाइप, म्हणजे लॉगिन कुठल्या मार्गाने झालं त्याचा आकडा, काय आहे?"

दोन्ही बघितलं नव्हतं. परत जागेवर.

बरोब्बर दर पंधरा मिनिटांनी. टाइप ४. हे टाइप नंतर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले: २ म्हणजे माणूस त्या मशीनसमोर बसलाय, ३ म्हणजे नेटवर्कवरून, ५ म्हणजे सर्व्हिस, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. आणि ४ म्हणजे वेळ लावून ठेवलेलं काम, शेड्यूल्ड टास्क. कुणीतरी त्या खात्याचा पासवर्ड बदलला होता आणि डेटाबेसच्या बॅकअपच्या टास्कमध्ये जुनाच राहिला होता. हल्लेखोर कुणी नव्हताच. पण चार दिवस बॅकअप झालेला नाही, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मेंटॉरचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा गंभीर झाला.

म्हणून आता कुणी विचारलं की कुठून सुरुवात करू, तर मी सांगते, स्वतःच्या कॉम्प्युटरपासून. विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिक्युरिटी लॉगमध्ये जा. मग मुद्दाम पासवर्ड चुकवा आणि नोंद शोधा. दिसली नाही तर ऑडिट पॉलिसीत (कशाची नोंद ठेवायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) फसलेल्या लॉगिनची नोंद बंद असेल, ती चालू करा. (नोंद दिसत नाही म्हणजे घटना घडली नाही असं नसतं, हेही तिथेच कळतं.) व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) एक उबुंटू लिनक्स टाका, एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीने, चुकीचा पासवर्ड देऊन आत जायचा प्रयत्न करा आणि तिथल्या लॉगिनच्या नोंदींच्या ऑथ लॉगमधून तेवढ्याच ओळी ग्रेप या शोधायच्या कमांडने गाळून काढा. स्वतः केलेली चूक लॉगमध्ये कशी दिसते ते एकदा पाहिलं, की दुसऱ्याची ओळखू येते.

नेटवर्किंग मात्र पाठ करून भागत नाही. मुलाखतीत तो ठरलेला प्रश्न आला: ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलं की काय होतं? मी पोपटासारखी सुरू झाले. डीएनएसला, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारणा, पोर्ट ५३ (पोर्ट म्हणजे मशीनचा नंबर दिलेला दरवाजा). मग जोडणी जुळवणारे तीन निरोप: सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक. मग पोर्ट ४४३ वर टीएलएस, म्हणजे संवाद कुलूपबंद करणं. समोरच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सिन पाठवला आणि समोरून काहीच आलं नाही, तर? आणि रिसेट आला, तर?" माझी बोलती बंद. उत्तर तसं सोपं आहे. काहीच आलं नाही तर बहुधा फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा तपासणाऱ्या पहारेकऱ्याने, पॅकेट गुपचूप गिळलं, नाहीतर मशीनच बंद आहे. रिसेट, म्हणजे जोडणी नाकारणारा निरोप, आला तर तिकडे मशीन जागं आहे, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही, किंवा मधल्या फायरवॉलने तोंडावर नकार दिलाय. वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम, लावून बंद पोर्टवर एकदा जोडणी करून पाहिली असती तर हे डोळ्यांनी दिसलं असतं. पाच मिनिटांचं काम. तरी निवड झाली. "माहीत नाही" असं सरळ म्हटलं म्हणून झाली, असं नंतर कळलं.

आता माझा पराक्रम. तिसऱ्याच दिवशी, आपल्या ऑफिसात कुठली मशीन आहेत बघू या म्हणून मी अख्ख्या सबनेटवर, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या त्या सगळ्या तुकड्यावर, एनमॅप हा मशीन आणि उघडे पोर्ट हुडकणारा स्कॅनर चालवला. दहा मिनिटांत अलार्म वाजला आणि टीममधले दोघे माझ्या लॅपटॉपचा आयपी शोधत माझ्याच टेबलाशी आले. कुणी ओरडलं नाही, पण ती शांतता अजून आठवते. लेखी परवानगीशिवाय आपल्या मालकीच्या नसलेल्या कुठल्याही मशीनवर स्कॅन चालवायचा नाही, 'नुसतं बघायला' तर नाहीच. हौस घरच्या लॅबमध्ये भागवा. सरावासाठी मुद्दाम भोकं ठेवलेलं मेटास्प्लॉइटेबल हे व्हर्च्युअल मशीन मिळतं. त्याचं नेटवर्क होस्ट-ओन्ली (फक्त आपल्याच कॉम्प्युटरशी जोडलेलं) ठेवा, ब्रिज्ड (घरच्या नेटवर्कला जोडलेलं) नको, नाहीतर ती भोकं घरातल्या सगळ्या नेटवर्कला उघडी पडतात.

रेझ्युमेबद्दल एवढंच: जे लिहिलंय त्यावर तीन प्रश्न झेलता आले पाहिजेत. मी कौशल्यांच्या रकान्यात 'वायरशार्क' लिहिलं होतं, आणि पुढचं वर वाचलंतच. सर्टिफिकेट असेल तर चांगलंच, पण लॅबमध्ये काय केलं, कुठे अडलं याची दोन पानी टिपणं माझ्या मते जास्त बोलकी.

आणि लिहिण्याचा सराव आधीपासून करा, कारण हे कुणी शिकवत नाही. बॅकअपच्या प्रकरणावर माझं पहिलं तिकीट, म्हणजे कामाची लेखी नोंद, होतं: 'लॉगिनचा प्रॉब्लेम होता, सुटला.' ते परत आलं. दुसऱ्यांदा लिहिलं: कुठला सर्व्हर, कुठलं खातं, पहिली नोंद कधीची, शेवटची कधीची, टाइप ४ वरून शेड्यूल्ड टास्कचा संशय, टास्कमधला पासवर्ड बदलल्यावर पुढच्या फेरीला ४६२४ पडला, मधल्या चार दिवसांचा बॅकअप नाही. मला वाटलं, आता काय काढतील?

तेही परत आलं. खाली एकच ओळ होती: "वेळा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) की स्थानिक?" अर्ध्या मी सर्व्हरवरून उतरवल्या होत्या, अर्ध्या लॉग गोळा करणाऱ्या सिस्टीमवरून, आणि दोघांची घड्याळं वेगळी.