पहिल्या धारेची नाही

मराठवाड्याच्या चवीची जिन ही दारू करायची म्हणजे शिकायचं काय आणि सुरुवात कुठून करायची, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा लिहूनच काढते. विचारणारी बहुतेक पोरं-पोरी केमिकल नाहीतर फूड टेक्नॉलॉजी केलेली. आणि जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात लेबल आधीच तयार असतं: बालाघाटचा डोंगर, वर चंद्र, खाली वळणदार अक्षरात नाव. माझ्याही डोक्यात होतं. प्रत्यक्षात लेबल सगळ्यात शेवटी आलं आणि डोंगर त्यावर नाहीच.

मी जालन्याकडची. केमिकल इंजिनिअरिंग, मग मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधला किण्वन आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचा डिप्लोमा, मग पाच वर्षं धान्यावर चालणाऱ्या एका डिस्टिलरीच्या लॅबमध्ये. या पाच वर्षांत आईने लग्नाच्या बायोडेटात 'केमिकल कंपनीत नोकरी' असंच लिहिलं. आमच्या गावात 'उभी बाटली, आडवी बाटली' असं मतदान झालं तेव्हा तिने आडव्या बाटलीवर शिक्का मारला होता, दुकान बंद पाडलं होतं. त्याच बाईची मुलगी दारू गाळते. यावर आमच्या घरी अजून नीट बोलणं झालेलं नाही, आणि मला तिचं म्हणणं चूक वाटत नाही. या धंद्यात यायचं असेल तर हा प्रश्न आपल्या घरी येणार, हे धरून चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरी प्रयोग करायचा नाही. एक लिटरसुद्धा नाही. परवान्याशिवाय दारू गाळणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि तिथे 'शिकण्यासाठी करत होतो' हे कारण चालत नाही. मग हात कसा बसवायचा? मी अल्कोहोल न वापरता सुरुवात केली. क्लेव्हेंजर नावाचं काचेचं उपकरण मिळतं, कॉलेजच्या लॅबमध्ये असतंच. त्यात वनस्पती आणि साधं पाणी उकळायचं, वाफ थंड केली की बारीक नळीत वर तेल तरंगतं आणि खाली सुगंधी पाणी राहतं. धणे, मोसंबीची साल, वाळा, गवती चहा, जे सापडेल ते मी वर्षभर यात उकळलं आणि प्रत्येकाची वही ठेवली. किती ग्रॅम, किती वेळ, पहिल्या दहा मिनिटांचा वास कसा, तासाभरानंतरचा कसा. ती वही आजही भट्टीशेजारी असते.

परवान्याचं थोडक्यात सांगते, कारण नियम बदलत राहतात आणि शेवटी तुम्हाला राज्य उत्पादन शुल्कच्या जिल्हा कार्यालयातच जावं लागणार आहे. द्राक्षाच्या वाइनला आपल्या राज्याने २००१ च्या धोरणात सवलतीची वाट करून दिली. तीच वाट जिनलाही असेल असं समजून जमीन घेऊ नका. आधी कार्यालय, मग वकील, मग जमीन. भारतात नव्या पिढीच्या जिनची सुरुवात २०१७ च्या सुमारास गोव्यातून झाली, 'ग्रेटर दॅन' आणि मग 'स्ट्रेंजर अँड सन्स' हे ब्रँड तिथलेच. आम्ही टाय-अप केलं: परवाना असलेल्या एका युनिटच्या आवारात आमची १०० लिटरची तांब्याची भट्टी, त्यांचा साठा, त्यांचं बॉटलिंग, आणि तिथेच बसणारे एक्साइजचे साहेब. स्वतःच्या दारावर पाटी लागत नाही याचं वाईट वाटतं. पण पहिल्या दोन वर्षांत ज्या चुका झाल्या त्या स्वतःच्या कर्जावर झाल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसले नसते.

जिन म्हणजे काय, हे नवख्याला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. दारू आपण तयार करत नाही, ती तयार येते: ९६ टक्क्यांचं, जवळजवळ वास नसलेलं ईएनए, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. ते पाणी घालून ५० टक्क्यांवर आणायचं, त्यात वनस्पती रात्रभर भिजवायच्या आणि पुन्हा गाळायचं. यात जुनिपर नावाच्या झुडपाच्या वाळवलेल्या फळांची चव पुढे असली तरच ती जिन, नाहीतर नुसतं सुगंधी मद्य. १०० लिटरला आम्ही दोन किलो जुनिपर घेतो आणि एक किलो धणे. बाकी सगळं मिळून अर्धा किलो नसेल.

गावाकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे सगळ्यात कडक, सगळ्यात मानाची. इथे उलटं आहे. पहिली धार वेगळी काढतात, कारण हलकी, उग्र, नाकात झोंबणारी द्रव्यं आधी निघतात. मग मधला भाग, तोच आपला. शेवटी धार ओल्या पुठ्ठ्यासारखी वास मारायला लागते, तिथे थांबायचं. हे थांबणं कुठल्या आकड्यावर नाही, नाकावर असतं. मी दर दोन मिनिटांनी छोट्या ग्लासात थोडं घेऊन तळहातावर चोळते. शिकायला आलेला मुलगा पहिल्या दिवशी थर्मामीटरकडेच बघत बसला होता. त्याला म्हटलं, बाबा, तो खिशात ठेव आणि इकडे ये. हिशेबच करायचा तर असा: १०० लिटरच्या भरण्यात ५० लिटर शुद्ध अल्कोहोल, पुढचं-मागचं काढून ४० हातात, ते ४२.८ टक्क्यांवर आणलं की साधारण ९३ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या सव्वाशे बाटल्याही पूर्ण होत नाहीत. दोन दिवसांचं काम.

आता माळरान, म्हणजे इथला वास जिनमध्ये आणायचा कसा. जुनिपर मराठवाड्यात होत नाही, हे आधी कबूल करून टाकायचं. ते हिमालयात होतं, आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. काष्ठौषधीच्या दुकानात 'हाऊबेर' मागितलं तर मिळतं, पण मी आणलेलं इतकं जुनं होतं की तेल उडून गेलेलं. चांगलं जुनिपर नखाखाली दाबलं की चिकट होतं आणि तुटलेल्या देवदारासारखा वास येतो. ते न होणारं घेऊ नका.

पण जिनचा दुसरा खांब म्हणजे धणे, आणि तिसरा बहुतेक वेळा लिंबूवर्गीय फळाची साल. हे दोन्ही आपल्या अंगणातले! लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. मला तेव्हा वाटलं, अर्धी जिन तर इथेच उगवते. अंबड तालुक्यात मामांची मोसंबीची बाग आहे. आंबे बहाराच्या वेळी फळगळ झाली, मामा वैतागून म्हणाले, "घेऊन जा सगळी, नाहीतरी उकिरड्यावर टाकायची." मी दोन क्रेट भरून आणले, साल काढली, भट्टीत घातली. निघालेल्या जिनला मागे एक कडसर, औषधी वास. फवारणी आठच दिवसांपूर्वी झालेली! पाण्याने फळ धुतलं की फवारा जातो अशी माझी समजूत, पण तेलात विरघळणारं औषध सालीतच बसतं आणि अल्कोहोल ते बरोबर ओढून घेतं. ती अख्खी बॅच गेली. आता फळ झाडावरून तोडलेलं, फवारणीची वही बघून, आणि प्रत्येक हंगामात सालीची अवशेष-तपासणी. मामा म्हणतात, "खायला चालतं ते प्यायला चालत नाही व्हय?"

साल काढताना पांढरा भाग येता कामा नये, तो कडू. भाजीचा पीलर नको, धारदार सुरी घ्या आणि बटाट्याच्या वेफर्ससारखी इतकी पातळ काढा की पलीकडचं बोट दिसेल. उन्हात वाळवायची नाही, सावलीत.

माळाचा वास म्हणून मी जे शोधत होते ते शेवटी तिखाडीत सापडलं. रोशा गवत म्हणतात तेच. पावसाळा संपता संपता डोंगरउतारावर फुलोऱ्यात येतं, हातात चुरगाळलं की गुलाब आणि आलं दोन्हींच्या मधला वास. गुराखी सगळे ओळखतात. मी पहिल्या बॅचला उत्साहात ४०० ग्रॅम घातलं. युनिटचे जुने ब्लेंडर, म्हणजे दारूचं मिश्रण जमवणारे गृहस्थ, एक घोट घेऊन म्हणाले, "मॅडम, हे पिऊ का देवापुढे लावू?" खरंच अगरबत्ती झाली होती. शिवाय पाणी घालून ताकद उतरवली तशी जिन दुधासारखी ढवळली. तेल जास्त झालं की ते पाण्यात मावत नाही. त्यानंतर २००, मग १२०, आता ८० ग्रॅम. इतकं कमी की कुणाला नाव सांगता येत नाही, पण काढून टाकलं तर जिन कुठलीही वाटते.

सीताफळाचं लोक हमखास विचारतात, बीडचं मानांकन मिळालेलं म्हणून. गर गाळला की त्याचा तो वास वाफेत फारसा येतच नाही, आणि बिया विषारी असतात, एकही बी भरण्यात गेलेली चालणार नाही. मी तो नाद सोडला. वेखंडाचाही सोडा, त्यातल्या घटकावरून आरोग्याचे प्रश्न आहेत. 'आपल्या आजीच्या बटव्यातलं' एवढं कारण पुरत नाही.

प्रदेश बाटलीत यायच्या आधी यंत्रात येतो, हे मला मे महिन्यात कळलं. टाकीतलं पाणी ३६ अंशांवर, कंडेन्सर थंड होईना, वाफ द्रव न होता तशीच नळीच्या तोंडातून बाहेर. अल्कोहोलची वाफ, बंद खोली, म्हणजे एक ठिणगी पुरे. भट्टी बंद केली. आता चिलर लावून तेच पाणी फिरवतो, आणि उन्हाळ्यात कामाच्या वेळेची लेखी परवानगी घेऊन पहाटे चारला सुरुवात करतो.

दुसरी चूक त्याच महिन्यातली, आणि पूर्ण माझी. दारूची ताकद मोजायचा हायड्रोमीटर २० अंश तापमानासाठी आखलेला असतो. मी ३६ अंशांच्या जिनमध्ये तो सोडला, ४२.८ दिसले, खूश होऊन वही बंद केली. गरम दारू हलकी असते, हायड्रोमीटर खोल बुडतो, आकडा जास्त दाखवतो. दर अंशाला साधारण ०.४. म्हणजे खरी ताकद साडेछत्तीसच्या आसपास. एक्साइजच्या साहेबांनी नमुना थंड करून मोजला आणि काही न बोलता रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. लेबलवर ४२.८ छापलेलं, आत भलतंच! बाटल्या भरल्या नव्हत्या म्हणून निभावलं.

आणि पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाने दारू कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्क्यांनी कापायला लावलं. मी तेव्हा शिकत होते आणि मला तो निकाल बरोबर वाटला होता, आजही वाटतो. बँकेत, ग्रामपंचायतीत, पाहुण्यांत तुम्हाला विचारणार: पाणी कुठून? उत्तर लिटरमध्ये द्यायची तयारी ठेवा. आम्ही मीटर लावलाय, बॅचगणिक नोंद आहे, बोअरचं पाणी घेतच नाही. ते इतकं जड आहे की ताकद उतरवताना क्षारांची गढूळ झाक येते, ती वेगळीच भानगड.

पैशाचं एवढंच. बाटलीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा शुल्काचा असतो, आणि जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं (जिन त्यातच येते) शुल्क वाढवलं तसं ते कधीही बदलतं. जाहिरात करता येत नाही. दर राज्यात लेबल वेगळं नोंदवावं लागतं. काचेची बाटली, बूच, खोका यांचा खर्च आतल्या मालापेक्षा जास्त येतो हे पाहून माझे वडील हसले होते. नोकरी सोडायच्या आधी दीड वर्षाचा घरखर्च बाजूला ठेवा.

लेबलबद्दल राहिलं. एका सल्लागाराने वेरूळचं शिल्प सुचवलं, दुसऱ्याने संतांच्या भूमीवरून काहीतरी. दोन्हींना नाही म्हटलं. आमच्या लेबलवर गवताचं एक पातं आहे, बस.

सध्या तेवीसावी बॅच भिजत घातलीय. तिखाडी ८० वरून ७० करून बघणार आहे, आणि आंबे बहाराच्या सालीऐवजी या वेळी मृग बहाराची, म्हणजे पावसाळी फुलोऱ्याच्या फळांची, साल आहे, तिला तेल जरा कमी वाटतंय. वाळ्याची मुळं वाळत टाकलीत. मामांचा सकाळी फोन आला होता, फवारणीची वही पूर्ण ठेवलीय, कधी येतेस म्हणून.