टॅनिक की स्टॅनिक? नाव फोडून वाचा

मी लोकर रंगवते. एकदा माझ्या वहीत ओल्या बोटाने 'स्टॅनिक'मधला 'स्' पुसला गेला आणि पुढे 'क्लोराइड' मी लिहिलंच नव्हतं. कोचिनीलच्या, म्हणजे किड्यांपासून काढलेल्या लाल रंगात मी टॅनिक ॲसिड घातलं. कथलाच्या क्षाराने जी लोकर लालभडक निघते, ती मळकट निघाली. तेव्हापासून मी ही नावं फोडूनच वाचते.

आधी तो अर्धा 'स्' शोधा. तो असला की धातू, म्हणजे कथील. मूळ लॅटिन शब्द 'स्टॅनम', म्हणून चिन्ह एसएन. गंमत अशी की रोमन लेखक प्लिनी 'स्टॅनम' म्हणतो ते चांदी-शिशाचं मिश्रण; कथलाला तो पांढरं शिसं म्हणतो. शब्द धातूवर येऊन बसला तो पुढच्या काही शतकांत.

'स्' नसला की झाड. फ्रेंचमध्ये 'तां' म्हणजे कातडी कमावण्यासाठी कुटलेली ओकची साल. ब्रेटन भाषेत 'तान्न' म्हणजे ओकच. टॅनिन, म्हणजे टॅनिक ॲसिडच्या कुळातली तुरट द्रव्यं, हे नाव त्या सालीतून निघालं.

मग शेपूट बघा, कारण खरी फसगत तिथे होते. कथलाच्या बाबतीत शेपूट ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे क्षारातल्या धातूची अवस्था सांगतं: 'स्टॅनस' म्हणजे +2 आणि 'स्टॅनिक' म्हणजे +4. टॅनिकमधल्या 'इक'चा असल्या आकड्याशी काही संबंध नाही, ते नुसतं आम्लाचं शेपूट. म्हणूनच 'टॅनस' असा शब्द कुठे सापडत नाही.

टॅनिकसोबत येणारं गॅलिक ॲसिडही नीट वाचा. ते फ्रान्सच्या जुन्या 'गॅलिया' या नावावरून नाही. तिथून आला 1875 मध्ये सापडलेला गॅलियम. गॅलिक आलं 'गाला'वरून, म्हणजे ओकवरच्या गाठींवरून, आपल्या मायफळावरून. त्याच्या भावंडाचं नाव मला फार आवडतं: फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्राकोनोने फ्रेंच 'गॅल'ची (galle) रोमन अक्षरं उलटी लिहिली आणि 'एलॅजिक' केलं.

बाटलीवरची चिठ्ठीच पुसली असेल तर नाव सोडा. चिमूटभर पाण्यात विरघळवा, हिराकसाच्या (लोखंडाच्या क्षाराच्या) पाण्याचा एक थेंब टाका आणि थोडा वेळ हवेत ठेवा. टॅनिन असेल तर आधी जांभळट आणि मग शाईसारखं निळंकाळं होत जातं. जुनी शाई याच मेळातून बनत असे. कथलाचा क्षार तसा काळवंडत नाही.