सेल्फ लागत नाही? मोटर खोलायच्या आधी हे चेक करा

बाइकचा सेल्फ लागेना की लोक डायरेक्ट मोटर बदलायच्या गप्पा सुरू करतात, पण बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते आणि लोचा बॅटरीत नाहीतर वायरिंगमधे निघतो. म्हणून आधी बटण दाबून आवाज काय येतो ते ऐका.

काहीच आवाज नाही पण लाईट मस्त लागतायत, मग किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), न्यूट्रल, क्लच, साइड स्टँड बघा. हसू नका, चांगले चांगले इथे फसतात. लाईटच नाही तर मेन फ्यूज.

पटापट टकटकटक वाजतंय आणि मीटरचे लाईट डिम होतायत म्हणजे रिले (बटण दाबल्यावर मोटरला करंट सोडणारा स्विच) ओढतोय पण करंट पुरत नाहीये. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर मायनस आधी काढा, मग प्लस, दोन्ही पॉलिश पेपरने चकाचक करून गच्च आवळा. मग बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२ च्या खाली असेल तर चार्ज करून मगच पुढचं. पण नुसत्या या आकड्यावर भरवसा ठेवू नका, म्हातारी बॅटरी बसल्या जागी १२.६ दाखवते आणि सेल्फ मारला की धाडकन ८ वर येते! मीटर लावलेलाच ठेवून बटण दाबा, चार्ज करूनही साडेनऊच्या खाली जात असेल तर बहुतेक बॅटरीच गेली.

एकच जोरात टक आणि मग शांत, तर रिलेच्या दोन जाड बोल्टवर मीटर लावा. बटण न दाबता १२ च्या आसपास दाखवेल, दाबल्यावर जवळपास शून्य झालं पाहिजे, १२ वरच अडकलं तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेत. शून्य झालं, बॅटरीचं व्होल्टेजही पडलं नाही आणि तरी मोटर ढिम्म, तर मोटरमधले कार्बन ब्रश (आत करंट पोचवणारे तुकडे) संपलेत किंवा इंजिनची अर्थिंग वायर सुटलीय, आधी वायर बघा, ते फुकटात होतं. स्क्रूड्रायव्हरने रिले शॉर्ट करून बघणारे असतात, ठिणग्या जाम उडतात, पेट्रोल जवळ असतं, मी तरी सांगणार नाही.

मोटर घर्र फिरतेय पण इंजिन हलत नाही, तर बहुतेक वन वे क्लच (मोटरची ताकद इंजिनला देणारा भाग) गेलाय, ते गॅरेजचं काम.

नवी बॅटरी टाकूनही पुन्हा पुन्हा बसतेय, तर गाडी चालू करून रेस द्या, बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत, नाही आले तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा) नाहीतर स्टेटर (इंजिनमधली करंट बनवणारी कॉइल) तपासून घ्या.